पिना उभ्या करणारी बाई

२००७ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. माझ्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईने एका सकाळी मला खिडकीशी बोलावलं आणि विचारलं, "दादा, समोरच्या टाकीवर कावळा बसलाय का?"

टाकीवर काही नव्हतं.

"नीट बघा. उजव्या कोपऱ्याला."

"बाई, टाकी मोकळी हाय. कावळा नाय, चिमणी नाय."

"मग तो माझ्या डोळ्यातच आहे," ती म्हणाली. घरातलं मीठ संपलंय असं कुणी सांगावं तसं सांगितलं आणि पुन्हा कामाला बसली.

तिचं कामच डोळ्यांचं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर काडेपेटीएवढा एक चौकोन असतो, त्याला सॉकेट म्हणतात. त्या चौकोनात केसासारख्या बारीक सोनेरी पिना असतात, ओळीने, शेकड्यांनी, आणि त्यांच्यावर प्रोसेसरची चकती बसते. चकती बसवताना हातातून निसटली किंवा कुणाचं बोट घासलं की पिना वाकतात. एक जरी वाकली तरी मशीन मुकं होऊन बसतं. दुकानदार सांगतो, बोर्ड गेला, नवा घ्या. असले गेलेले बोर्ड नाशिकभरातून तिच्याकडे यायचे आणि ती वाकलेली पिन उभी करायची. "दुरुस्त केली" असं ती कधी म्हणाली नाही. "उभी केली" म्हणायची.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. सुरगाण्याकडच्या डोंगरातला. अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर उभं राहून केस पिकवले आणि सिडकोत दोन खोल्यांचं घर केलं, कुणापुढे हात न पसरता. कॉम्प्युटर मला चालू करता येत नाही. आजही येत नाही आणि शिकायचाही नाही. पण तिच्या भिंगातून तो चौकोन पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हटलं होतं, "अहो, हे तर आवणी झालेलं भाताचं खाचर!" तशीच लावणीची रोपं, तशाच ओळी, वारा लागल्यासारख्या एका अंगाला कललेल्या. ती हसली नाही. म्हणाली, "बरोबर. आणि त्यात म्हैस शिरली की माझ्याकडे आणतात."

गल्लीत तिला चिमटेवाली म्हणायचे. खरं तर चिमटा ती क्वचित हातात धरायची. तिचं हत्यार म्हणजे पोरांची पेनपेन्सिल, शिसं काढून टाकलेली. तिच्या टोकाच्या भोकात वाकलेली पिन अलगद घ्यायची आणि हळूहळू वर आणायची. दुसरं हत्यार लाकडी मुठीत बसवलेली सुई. आणि एक आरसा. त्या वर्षांत भारनियमन एवढं होतं की दिवसा वीज असली तर लोक एकमेकांना हाका मारून सांगायचे. म्हणून ती सकाळच्या उन्हात काम करायची. खिडकीच्या चौकटीवर आरसा टेकवून ऊन बोर्डावर घ्यायची.

वीज असली तरी पंखा मात्र बंद. वैशाखातसुद्धा. कपाळाला पंच्याची पट्टी बांधायची, घामाचा थेंब बोर्डावर पडू नये म्हणून. अंगावर कायम सुती लुगडं. नायलॉनचं लुगडं नेसलेली बाई दारात आली तर "तिथूनच बोला" म्हणायची. कामाला बसण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावायची, दोन्ही तळवे, चांगला वेळ. पोरं म्हणायची, चिमटेवाली गजाला नमस्कार करते. मलाही तसंच वाटलं. एकदा विचारलं, "बाई, तुम्ही तर देवाधर्माचं काही करत नाही, मग गजाला कसला नमस्कार?"

"नमस्कार कसला, अंगातली वीज उतरवते. बोर्डाला माझी वीज लागली तर तो जागच्या जागी मरतो."

"माणसाच्या अंगात वीज असते?"

"तुमच्यात नसेल," ती म्हणाली.

आमचं पहिलं भांडण मिरचीवरून झालं. मी मागच्या खोलीत एकटाच, स्वतःचं रांधून खाणारा. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर आणि तव्यावर भाजलेल्या मिरचीचा ठेचा, एवढं मिळालं की मला राजवाडा नको. एका सकाळी मिरची तव्यावर टाकली आणि पुढच्या खोलीतून आरडाओरडा. ती पदर नाकाला लावून माझ्या दारात उभी.

"मालक, तवा उतरवा! हातात पिन होती माझ्या! शिंक आली असती तर?"

एरवी मी "दादा", चिडली की "मालक".

"घर माझं, तवा माझा, मिरची माझी," मी म्हटलं.

"आणि शिंक माझी! बोर्ड भरून द्याल?"

पुढे आठवडाभर आम्ही बोललो नाही. मग मीच मिरची संध्याकाळी भाजायला लागलो. तिने सांगितलं म्हणून नव्हे. सकाळी भाजलेली मिरची संध्याकाळपर्यंत गार होते, म्हणून.

ती मूळची निफाडकडची. इथल्याच सातपूरच्या एका कारखान्यात ती बरीच वर्षं होती. तिथे बायका रांगेने बसून भिंगाखाली बारीक तारा जोडायच्या. नव्वदनंतर केव्हातरी त्या कारखान्याला टाळं लागलं. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "आहे. कुठे आहे ते त्यालाच ठाऊक." भाऊ ओझरला, विमानाच्या कारखान्यात. तो म्हणाला, आता घरी येऊन राहा, वहिनीला मदत होईल. ही म्हणाली, "तुझ्या घरी पोळ्या लाटायला मी तारा जोडायला शिकले नाही." तिथून दोघांचं बोलणं तुटलं. मग ती माझ्याकडे खोली बघायला आली. खोली बघितलीच नाही. खिडकी बघितली, ऊन कुठून येतं ते विचारलं आणि "घेते" म्हणाली.

तेव्हा पिना प्रोसेसरच्या चकतीला असायच्या. मग कंपन्यांनी उलटं केलं, चकती सपाट आणि पिना बोर्डात. बोर्डातल्या पिना जास्त नाजूक. बाकीच्यांनी हात टेकले आणि हिचं काम वाढलं.

काम घेण्याची तिची रीत गावात कुणाची नसेल. बोर्ड घेऊन कुणीही आलेलं तिला चालायचं नाही. ज्याच्या हातून वाकलं तोच यायला पाहिजे. तिच्याकडे एक मेलेला बोर्ड आणि मेलेली चकती होती. त्या समोर ठेवायची आणि म्हणायची, "कसं झालं ते करून दाखव." मोठमोठे बाप्ये माझ्या ओसरीवर उकिडवे बसून चकती पाडून दाखवायचे. एकदा एक सायबर कॅफेवाला आला, अंगठ्या घातलेला.

"आपोआप झालं मॅडम."

"आपोआप? पिना काय दुपारच्या झोपल्या?"

"म्हणजे मी काहीच केलं नाही."

"मग ज्याने केलं त्याला आण."

शेवटी त्याने दाखवलं. त्याने रुमालाने सॉकेट पुसलं होतं आणि रुमालाचा धागा पिनांत अडकला होता. ओढला तशी पिनांची अर्धी ओळ धाग्याबरोबर गेली. "हे आधी सांगितलं असतंस तर चहा पाजला असता," ती म्हणाली आणि चहा पाजला नाही.

मला ती रीत तुसडेपणाची वाटायची. माणसाला का लाजवायचं? मी तसं बोललो. ती म्हणाली, "लाजवत नाही दादा. पिन ज्या अंगाला पडली त्याच्या बरोबर उलट उठवायची असते. अंग चुकलं की मानेत तुटते. आणि तुटलेली पिन उभी करणारा अजून जन्मायचाय." खोटं सांगणाऱ्याचा बोर्ड ती घ्यायचीच नाही.

उभ्या केलेल्या बोर्डाच्या कोपऱ्यावर ती नखाच्या रंगाचा एक लाल ठिपका द्यायची. मेनरोडचा एक मोठा दुकानदार होता, तिचं निम्मं काम त्याचं. अंगानेही मोठा. तो एकदा गोडीगोडीने म्हणाला, "मॅडम, तो ठिपका तेवढा लावू नका ना."

"का, दृष्ट लागते?"

"कंपनीवाले ठिपका बघतात आणि बोर्ड परत पाठवतात. ठिपका नसला तर वॉरंटीत बदलून देतात."

"म्हणजे पिना वाकवल्या तुमच्या माणसाने आणि नाव कंपनीचं."

"कंपनीला काय फरक पडतो? एवढी मोठी कंपनी."

"उभी केली तरी ती एकदा वाकलेली पिन आहे. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला कळू दे."

दुकानदार तणतणत गेला आणि बरेच दिवस आला नाही. मी म्हटलं, "बाई, गिऱ्हाईक मोठं होतं."

"मोठं होतं म्हणूनच दारातून आडवं निघावं लागलं त्याला."

तर अशा बाईच्या डोळ्यात कावळा आला.

ती एकटीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिथे डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या केल्या, मग तिला रस्ता दिसेना. रिक्षावाल्याने दारात आणून सोडली. पदर डोळ्यांवर धरून ती ओसरीवर बसली आणि मला सगळं सांगितलं. साखरेची बीमारी आधीपासून होती, ती ठाऊक असून हिने गोळ्या घेतल्या न घेतल्यासारख्या केल्या होत्या. त्या साखरेने डोळ्याच्या आत रक्त झिरपत होतं. दोन्ही डोळ्यांत. लेझर करा, लगेच करा, असं डॉक्टर म्हणाले होते. उशीर केला तर गेलेलं परत येणार नाही.

"मग करा की," मी म्हटलं.

"लेझर केल्यावर बरेच दिवस बारीक दिसणार नाही म्हणे. एवढे दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल? चिमटेवाली आंधळी झाली, एवढंच फिरेल गावात."

"आणि नाय केलं तर आंधळीच व्हाल."

"तेव्हाचं तेव्हा." मग तिने पदर बाजूला केला. "दादा, कुणाला सांगायचं नाही. दुकानदारांना नाही. आणि ओझरला तर मुळीच नाही. त्याला कळलं तर तो मला उचलून नेईल आणि दावणीला बांधील. शब्द द्या."

मी डोंगऱ्या देवाचं नाव घ्यायला लागलो. "देवाचा नको," ती म्हणाली, "तुमचा द्या."

मी दिला. आमच्या डोंगरात शेताचे बांध तोंडच्या शब्दावर चालतात. कागद नंतर आले आणि भांडणं कागदांबरोबर आली. शब्द दिला म्हणजे दिला. लोक आजही मला टोचतात, म्हातारबा, आधी का नाही सांगितलंस कुणाला? शब्द दिला होता म्हणून. याहून जास्त उत्तर मी कुणाला देत नाही.

होळीच्या सुमाराला तिने मला भिंग दिलं. म्हणाली, "तुमची नजर अजून साबूत आहे. बघा कोणती पडलीय आणि कुठे पडलीय. हात मी चालवते."

पहिल्या दिवशी आमचा बट्ट्याबोळ. ती खिडकीकडे तोंड करून, मी तिच्या समोर. माझं डावं ते तिचं उजवं. दोन वेळा पिन जायची वेळ आली आणि ती ओरडली, "डावं-उजवं नको! ते माणसागणिक बदलतं!" मग मी आमच्या पद्धतीने सांगायला लागलो. उगवतीकडे पडलीय, मावळतीकडे पडलीय. आमच्या घराच्या एका अंगाला पांडवलेण्यांचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला गंगा, म्हणजे आपली गोदावरी. म्हणून उरलेल्या दोन दिशा, लेण्यांकडे आणि गंगेकडे. मग चुका बंद झाल्या. कुणी कुठेही बसो, गंगा काही जागा बदलत नाही.

"तिसऱ्या वाफ्यात, बांधापासून चौथं रोप. लेण्यांकडे पडलंय."

"किती?"

"जराशी."

"जराशी म्हणजे? भाताएवढी की नागलीएवढी?"

"नागलीएवढी."

आणि ती पेन्सिल खाली आणायची. मी म्हणायचो, आलं, आलं, बसलं. ती म्हणायची, आता गप. मग श्वास धरून ती पिन गंगेकडे उचलायची. मी बघत राहायचो. आडवं पडलेलं रोप उभं राहताना बघण्याएवढं चांगलं माझ्या म्हातारपणात दुसरं काही घडलं नाही. बोर्ड नेणारे चिडवायचे, "काय बाबा, या वयात कोर्स लावला का?" मी म्हणायचो, "हो. फी तुझ्या बापाकडून घेणार हाय."

गिऱ्हाईक असताना मात्र आम्ही काम करायचो नाही. बोर्ड ठेवून जा, उद्या या, असं ती सांगायची. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतो, हे कुणाला कळायला नको होतं.

कावळा वाढत होता. पावसाळ्यात ती म्हणाली, दोन झाले. गणपतीत म्हणाली, आता घोंगडीसारखं काहीतरी लोंबतं. मी म्हणायचो, लेझर. ती म्हणायची, दिवाळी होऊ दे. दिवाळीत लोक नवी मशीनं घेतात, घाईने बसवतात, कामाचा ढीग येतो. मी पुन्हा म्हटलं की "मालक" म्हणायची.

आज ती ओझरला आहे, भावाकडे. एक डोळा गेला. दुसऱ्यात उजेड-अंधार आणि माणसाची आकृती कळते. डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या सुरुवातीला आणली असती तर दोन्ही राहिले असते. मी एकदा भेटायला गेलो होतो. ओट्यावर पाय ठेवला तसा तिने माझा पाय ओळखला. वहिनीला म्हणाली, "घरमालक आलेत, पाणी द्या त्यांना," आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी पाणी प्यालो. बराच वेळ बसलो. ती वळली नाही. मी उठून आलो आणि पुन्हा गेलो नाही. तिला ताठा असेल तर मलाही आहे. पण ती माझ्याशी का बोलत नाही ते सांगायलाच हे लिहायला घेतलं.

त्या वर्षीचा दसरा नुकताच झाला होता. सकाळी देवळाली कॅम्पातून एक पोरगी आली. पोरगी म्हणजे लग्न झालेली, नवरा फौजेत, कुठेतरी सरहद्दीवर. कॅम्पात एका खोलीत तिचं टायपिंगचं काम होतं. फौजींच्या बायकांचे अर्ज टाइप करून द्यायची, त्यावर तिचं आणि सासूचं चालायचं. मशीन एकच. मशीन गरम होतं म्हणून धूळ पुसायला तिने स्वतःच उघडलं आणि चकती हातातून सुटली.

"मावशी, मीच पाडली," ती दारातूनच म्हणाली. "दुकानदार म्हणाला, सांग आपोआप झालं. पण मीच पाडली. अशी." आणि विचारायच्या आधीच हात करून दाखवला.

बाई खूश. मी तिला गिऱ्हाइकावर खूश झालेली त्याआधी बघितलीच नव्हती. चहा टाकला, पोरीला बसवलं. मी भिंगातून बघितलं. एकच पिन. कडेची. गंगेकडे पडलेली, नागलीएवढीसुद्धा नाही. मी सॉकेटच्या काठावर बोट टेकवून बाईला जागा दाखवली.

"ठेवून जा, उद्या ये," बाई म्हणाली.

पोरीचं तोंड उतरलं. "मावशी, कॅम्पातून परत यायचं म्हणजे... सासू एकटी आहे, अंथरुणावर. आणि दोन अर्ज आजच द्यायचेत. मी बसते ना इथे, काही बोलणार नाही."

आता हिने नाही म्हणायला हवं होतं. मी मान हलवून खूण केली. पण माझी मान तिला दिसत नव्हती हे माझ्याही लक्षात राहिलं नाही. बाईने बोर्ड जवळ ओढला. मग म्हणाली, "बस. एकच तर आहे."

तिने गजाला हात लावला. पट्टी बांधली. आरसा नीट केला. पोरगी समोर, मी बाजूला उभा. बाईने मला हाक मारली नाही. एकटीने पेन्सिल खाली आणली.

मला दिसत होतं. पेन्सिल वाकलेल्या पिनेवर येत नव्हती. शेजारच्या चांगल्या पिनेवर येत होती.

"बाई," मी म्हटलं, "मावळतीकडे एक रोप सरका."

"मालक, तुम्ही आत जा."

"बाई, ऐका..."

"आत जा म्हटलं ना!"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी आत गेलो नाही, पण तोंड बंद केलं. बाईने श्वास धरला आणि पिन लेण्यांकडे उचलली. ती पिन पडलेलीच नव्हती, तिला उचलायचं कुठे? मानेत तुटली. आवाज होत नाही त्याला. उन्हात सोन्याची एक बारीक कणी उडाली आणि जमिनीवर कुठे गेली ते कळलं नाही.

बाईच्या हाताला कळलं. ती तशीच बसून राहिली, पेन्सिल बोर्डावर धरलेली.

"झालं का मावशी?" पोरगी म्हणाली.

मग मी बोललो. "पोरी, यातली एक पिन आणलीस तेव्हाच मोडलेली होती. मी बघितली. आता काय व्हायचं नाय याचं."

त्या पोरीने लगेच विश्वास ठेवला. कपाळाला हात लावला आणि रडायला लागली. "माझ्याच हाताने. सासू नको नको म्हणत होती. कशाला उघडलं मी! आता यांना काय सांगू!"

"थांब," बाई म्हणाली. तिने पेन्सिल खाली ठेवली. कपाळाची पट्टी सोडली. "मोडलेली नव्हती. हा म्हातारा खोटं बोलतोय. तुझी चांगली पिन मी मोडली. मला दिसत नाही."

पोरगी रडायची थांबली. बाईच्या डोळ्यांकडे वाकून बघायला लागली. मी वाट बघत होतो, आता ही म्हणेल, असू दे मावशी. कथा-कीर्तनात असंच म्हणतात.

"दिसत नाही तर घेतलं कशाला?" ती म्हणाली. "मी तुम्हाला खरं सांगितलं होतं ना? मग तुम्ही का नाही सांगितलं?"

बाई म्हणाली, "दुसरा बोर्ड देईन तुला. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर माझी सासू जेवणार का?" पोरीने बोर्ड पिशवीत घातला. चहा तसाच राहिला होता. दारात वळून ती मला म्हणाली, "आणि बाबा, तुम्हाला तर दिसतं ना?" आणि गेली.

उन्हं उतरल्यावर मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आता लेझर," मी म्हटलं.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तुमच्यासाठी."

"मी सांगितलं होतं? ती पोर जन्मभर स्वतःला कोसत बसली असती. माझं नाव राहावं म्हणून."

"बरं. चुकलं म्हणा. पण आता एकीला कळलं, मग चौघांना कळू द्या. उद्या दवाखान्यात जाऊ."

"ती कॅम्पातली. इथे तिला कोण ओळखतं?" ती म्हणाली. "उद्या मेनरोडचा बोर्ड यायचाय. तो जाडा स्वतः घेऊन येणार आहे, ठिपक्यासकट चालेल म्हणालाय. तो आपण दोघं करू, गिऱ्हाईक गेल्यावर. आजचं तसं पुन्हा होणार नाही."

ती स्टो पेटवायला खाली बसली. काडेपेटी तिच्या गुडघ्याला टेकून पडली होती. ती फरशीवर हात फिरवत होती, पुढे, मागे, भिंतीकडे. गुडघ्याशी सोडून सगळीकडे. मी बघत राहिलो. शेवटी मी काडेपेटी उचलून तिच्या हातात दिली. तिने घेतली. कुठे होती ते विचारलं नाही. काडी ओढली आणि ज्योत बर्नरच्या बाजूला वीतभर अंतरावर हवेत धरली, विझेपर्यंत.

"दादा," ती म्हणाली, "तुमचा शब्द आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेलो आणि ओझरची गाडी धरली. कारखान्याच्या वसाहतीत विचारत विचारत तिच्या भावाच्या दारात पोचलो. तो डबा अडकवून ड्यूटीला निघाला होता. मी त्याच्या सायकलचं हँडल धरलं आणि म्हटलं, "मी तुमच्या बहिणीचा घरमालक. आज कामावर जाऊ नका. तिला दिसत नाय."